उचल नको, पगारवाढ मागा

प्रश्न : मी चौतीस वर्षांची आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या एका पेढीवर अकरा वर्षं हिशेबाचं काम करते. माझे वडील याच पेढीवर दिवाणजी होते. ते अचानक गेले तेव्हा मालक (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) घरी आले आणि आईला म्हणाले, "पोरीला पाठवा, मी बघतो." तेव्हापासून इथंच आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या), खरेदीदारांची वसुली, कोल्ड स्टोअरेजच्या नोंदी, बँक, जीएसटी सगळं मी बघते. रिटर्न एकदाही उशिरा गेलेलं नाही. पगार साडेचौदा हजार. गेल्या गुढीपाडव्याला एक मुलगा कामाला लागला, त्याला अठरा हजार आहेत आणि त्याला काम मीच शिकवते. मला पगार वाढवून हवाय आणि संध्याकाळी सहाला निघायला मिळावं असं वाटतं. मुलगा सहावीत आहे. पण तोंडच उघडत नाही. कितीदा तरी केबिनच्या दारापर्यंत गेले आणि "अण्णा, चहा सांगू का?" एवढंच विचारून मागं फिरले. अण्णांना वाटेल, हिला माज आला. दिवाळीला पाकीट घेताना माझा चेहरा पडतो, तो त्यांना दिसत असेलच ना? नवरा म्हणतो, आहे ते बरं आहे. सासूबाई म्हणतात, उपकाराची जाण ठेव. हमाल सोडून आम्ही पंचवीसेक माणसं आहोत, पण पीएफ कुणालाच नाही. तो विषय काढायची तर हिंमतच नाही. आधी अण्णांच्या मुलाशी बोलून बघू का?
(नाव छापू नये, सांगली)

उत्तर :

ताई, तुमच्याच पत्रातली एक गोष्ट आधी तुमच्यापुढं ठेवते. तुम्ही वसुली करता. दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे महिनाभर बंद राहतात आणि उधारीचा सगळा हिशेब शून्यावर आणायचं झिरो पेमेंट सुरू होतं, तेव्हा मोठमोठ्या व्यापाऱ्यांना फोन लावून "शेठ, तुमच्याकडं एवढे लाख बाकी आहेत, शुक्रवारपर्यंत जमा करा" असं सांगणारी बाई तुम्हीच ना? तेव्हा तुम्ही अडखळत नसणार. "जमलं तर बघा" असंही म्हणत नसणार. शुक्रवारी पैसे आले नाहीत तर शनिवारी सकाळी परत फोन जातो. समोरचा चिडला तरी तुम्ही रक्कम कमी करून सांगत नाही, कारण तो पैसा हक्काचा आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. त्यात शेतकऱ्याचा घाम आहे.

तेव्हा मागायचं कसं हे मी तुम्हाला शिकवायला नको. स्वतःच्या पगाराची वेळ आली की मात्र तो पैसा हक्काचा आहे यावर तुमचाच विश्वास बसत नाही. घोडं तिथं अडलंय.

ते का अडलंय हेही पत्रात आहे. अण्णा तुमच्या घरी आले तो दिवस. घरातला कर्ता माणूस गेलाय, पुढच्या महिन्याचा किराणा कुठून भरायचा हे कुणाला माहीत नाही, अशा वेळी "पोरीला पाठवा" म्हणणारा माणूस जन्मभर लक्षात राहणारच, आणि राहावा. सासूबाईंचं तेवढं म्हणणं मला मान्य आहे. पण हिशेब लिहिणाऱ्या बाईला काय सांगायचं, उपकाराचं खातं वेगळं आणि पगाराचं वेगळं. एकातली रक्कम दुसऱ्यात वळती केली की दोन्ही खाती चुकतात. अण्णांनी तेवीस वर्षांच्या, काम माहीत नसलेल्या मुलीला उभं केलं. त्या उपकाराची फेड तुम्ही त्यांच्या अडीअडचणीला धावून जाऊन करा, त्यांच्या घरच्या कार्यात पुढं होऊन करा. दर महिन्याला कमी पगार घेऊन ती फेड होत नाही. तसा पगार घेऊन तुम्ही फक्त मनातल्या मनात कुढता, आणि ज्या माणसाबद्दल कृतज्ञ राहायचं त्याच्याबद्दलच अढी धरून बसता.

आणि आज त्या खुर्चीवर बसते ती बाई वेगळी आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा खतावणीत हयात गेलेल्या दिवाणजींना पोर्टल आणि ओटीपीशी झगडावं लागलं. तुमच्या पेढीवर ते ओझं तुम्ही उचललंत. महिन्याच्या ११ तारखेला एक रिटर्न, २० तारखेला दुसरं. चुकलं की दिवसागणिक विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. पेढीला यातलं काही भरावं लागलेलं नाही, ते तुमच्यामुळं.

आता चेहऱ्याचं. तुमचा पडलेला चेहरा अण्णांना दिसत नाही, ताई. दिवाळीला पाकिटं वाटताना त्यांच्या डोक्यात कुणाचं पेमेंट अडकलंय, कोल्ड स्टोअरेजचं लाइट बिल किती आलं, पावसानं द्राक्षबागांचं काय केलं, हे चाललेलं असतं. आपल्या मनातलं आपल्याला इतकं ठळक जाणवतं की ते समोरच्याला वाचता येत असेल असं वाटत राहतं. प्रत्यक्षात, ज्या टेबलावरून कधी तक्रार येत नाही तिकडं मालकाचं लक्षच जात नाही. तुमचं काम चोख आहे, म्हणूनच ते दिसत नाही. तुमच्या गप्प राहण्याचा अण्णांनी लावलेला अर्थ बहुतेक एवढाच असेल : पोरगी समाधानात आहे.

आता मागायचं काय आणि कसं, ते बोलू. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते, कारण आपल्याकडच्या पेढ्यांवर, दुकानांत, छोट्या कारखान्यांत चांगली चांगली माणसं हीच चूक करतात. पगारवाढ मागायला जातात आणि घरच्या अडचणी सांगून येतात. मुलाची फी, आईचं औषध, घराचा हप्ता. मालक चांगला असतो, त्याला वाईट वाटतं, तो ड्रॉवर उघडतो आणि म्हणतो, "किती पाहिजेत? घेऊन जा, पगारातून वळते करू." माणूस मागायला गेला होता पगार आणि हातात पडते उचल. म्हणजे पगार तिथंच राहतो, वर कर्ज होतं, आणि उपकाराचं ओझं आणखी वाढतं. पुढची दोन वर्षं परत विषय काढायला तोंड उरत नाही. मालकाची यात लबाडी असते असं मी म्हणणार नाही. त्याच्यापुढं अडचण मांडली, त्यानं अडचण सोडवली. म्हणून अण्णांपुढं घरचं काहीही काढायचं नाही. मुलाचं नावसुद्धा नको. फक्त काम आणि त्याचं मोल. आणि अण्णांनी स्वतःहून उचल पुढं केली, तर हात जोडून सांगा, "उचल नको अण्णा, माझं पगाराचं बोलणं आहे."

एका कागदावर तुमच्याकडची कामं लिहून काढा. अकरा वर्षांपूर्वी कोणती होती, आज कोणती आहेत. गेल्या झिरो पेमेंटला तुमच्या यादीतली किती रक्कम वेळेत वसूल झाली तो आकडा लिहा. तुम्हाला तो पाठच असेल. पेढीवर कुणाला सुट्टी घेता येते आणि कुणाला घेता येत नाही, हेही लिहा. कागद अण्णांना द्यायचाच असं नाही. तो आधी तुम्ही वाचायचा आहे.

मग आकडा ठरवा. मार्केट यार्डातल्या दुसऱ्या पेढ्यांवर, कुपवाडच्या एमआयडीसीत, सीएच्या ऑफिसात हेच काम करणाऱ्या दोन-चार जणींना विचारा. पगार विचारायला संकोच वाटेल, पण तुमचा सांगून त्यांचा विचारलात तर सांगतात. मला विचाराल तर, शिकाऊ मुलाला अठरा असतील तर त्याला शिकवणारीनं एकवीस मागण्यात काहीच वावगं नाही. एकोणिसाच्या खाली मात्र मान डोलावू नका. त्या मुलाचं नाव घेऊन सुरुवात करायची नाही. "त्याला दिले मग मला का नाही" म्हटलं की बोलणं तुमच्या कामावरून त्याच्यावर घसरतं, आणि त्याची काही चूक नाही. अण्णांनीच "एवढा पगार आपल्याकडं नसतो" असं म्हटलं, तर शांतपणे सांगा की नव्या मुलाला अठरा आहेत. बाई आणि पुरुषाला सारख्या कामाला सारखा मोबदला मिळावा हा कायदा संसदेनं १९७६ सालीच केला होता. अण्णांना कायदा ऐकवायला जाऊ नका, पण तुम्ही खैरात मागत नाही हे तुमच्या मनाशी पक्कं असावं म्हणून सांगितलं.

वेळेचं सांगते. बेदाण्याच्या हंगामात नको, मार्च अखेरीला नको, झिरो पेमेंट चालू असताना तर नकोच. पाकिटं वाटायच्या दिवशीही नको, नाहीतर तुमचं मागणं बोनसमध्ये जिरून जाईल. बाकी शून्यावर आलीय, सौदे परत सुरू व्हायला दोन-चार दिवस आहेत, अण्णा जरा निवांत आहेत, तो दिवस धरा. तुमच्या कामाचा निकाल तेव्हा ताजा असतो.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. रोज एक लहानशी गोष्ट मागायला सुरुवात करा. पाठ दुखते ती खुर्ची बदलून मागा. प्रिंटर दुरुस्तीला टाका म्हणा. त्या नव्या मुलाला सांगा, माल पाठवतानाची ई-वे बिलं आजपासून तू कर. अमेरिकेतल्या दोन संशोधकांचा २००८ सालचा एक अभ्यास आहे. त्यांनी लोकांना अनोळखी माणसांकडं किरकोळ मदत मागायला पाठवलं, प्रश्नावली भरून द्या वगैरे, आणि किती जणांना विचारावं लागेल याचा अंदाज आधीच लिहून घेतला. प्रत्यक्षात अंदाजाच्या जवळपास निम्म्याच लोकांना विचारून काम झालं. तोंडावर मागितलं की "नाही" म्हणणं माणसाला जड जातं, हे मागणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पगार ही त्याहून मोठी गोष्ट आहे, खुर्ची मिळाली म्हणून पगार मिळेलच असं नाही. पण आपण मागितलं आणि आभाळ कोसळलं नाही, याची शरीराला सवय व्हावी लागते. ती वाचून होत नाही.

तुमची भीती अगदीच निराधार आहे असंही मी म्हणणार नाही. बाईनं पगाराची घासाघीस केलेली लोकांना पुरुषापेक्षा जास्त खटकते, असं २००७ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं होतं, आणि आपल्याकडं वेगळं असेल असं मला वाटत नाही. हा अन्याय आहे. त्यावर उपाय म्हणून गप्प बसा असं सांगणारे भेटतील. मी सांगेन, पेढीचं आणि तुमचं नातं बोलण्यात धरून ठेवा आणि आकडा सोडू नका.

आदल्या दिवशी अण्णांना सांगा, "अण्णा, उद्या संध्याकाळी दहा मिनिटं पाहिजेत, माझ्या कामाबद्दल बोलायचंय." एवढं बोललात की चहावर वेळ मारून नेता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून बोलू नका, आत जाऊन बसा. आणि साधारण असं म्हणा : "अण्णा, बाबांनंतर तुम्ही मला इथं घेतलंत, ते मी विसरलेले नाही. आता वसुली, जीएसटी, बँक, कोल्ड स्टोअरेज सगळं माझ्याकडं आहे. या वर्षीचं झिरो पेमेंट वेळेत झालं. माझा पगार या महिन्यापासून एकवीस हजार करा, अशी माझी विनंती आहे."

मग थांबा. हा थांबण्याचा क्षण सगळ्यात अवघड. अण्णा पंख्याकडं बघतील, फोन उचलतील, चष्मा पुसतील, आणि तुम्हाला वाटेल आपण काहीतरी भरून काढावं. "म्हणजे तुम्हाला जमेल तसं," "नाही झालं तरी चालेल," ही वाक्यं अशाच वेळी तोंडातून निसटतात आणि सगळं मागणं स्वस्त करून टाकतात. बायकांना तर लहानपणापासून सवय लावलेली असते, मागितलं की लगेच त्यातलं थोडं स्वतःच परत करायचं. व्यापारी फोनवर गप्प बसला की तुम्ही बोलता का? त्याच्या बोलण्याची वाट बघता. तशीच अण्णांच्या उत्तराची बघा. घरी ही वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा, मनात नको. नवऱ्यासमोर नको वाटत असेल तर मैत्रिणीसमोर. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, पाणी प्या आणि उरलेलं वाक्य पूर्ण करा.

बहुतेक उत्तर येईल, "बघू." आपल्याकडं मालक लगेच "नाही" म्हणत नाही आणि लगेच "हो"ही म्हणत नाही. "बघू" ऐकून आभार मानून बाहेर आलात तर पुढची दिवाळी तशीच जाईल. तिथंच तारीख घ्या : "सोमवारी विचारू का अण्णा?" आणि सोमवारी विचारा. ते अर्ध्यावर आले, सतरा म्हणाले, तर "उरलेले कधीपासून?" हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.

याहून कठीण एक वाक्य येऊ शकतं. "तुझ्या वडिलांनी कधी तोंड उघडून मागितलं नाही." हे वाक्य तुम्हाला खोल लागणार, म्हणून त्याची तयारी आधीच असू द्या. वडिलांची बाजू मांडत बसू नका, वादही घालू नका. "बाबांनी मनापासून काम केलं, मीही करते. म्हणूनच इकडं तिकडं न बोलता सरळ तुमच्यापुढं बसलेय." एवढंच. वडिलांनी मागितलं नाही हा त्यांचा मोठेपणा असेल, त्यांची अडचणही असेल. तो तुमच्या पगाराचा दर होऊ शकत नाही.

साफ नकार आला तर कारण विचारा, आणि काय झालं म्हणजे विचार करतील ते विचारा. लगेच "मग मी चालले" म्हणू नका. सोडून जायची धमकी तेव्हाच द्यावी जेव्हा दुसऱ्या नोकरीचं पत्र पर्समध्ये असेल. पण शोध मात्र त्याच आठवड्यात सुरू करा. जीएसटी, बँक आणि वसुली तिन्ही येणारी माणसं सांगली-मिरजेत मोकळी बसलेली नसतात. नवरा म्हणतो आहे ते बरं आहे, तर बाहेर काय भाव आहे हे तरी घरात कळेल.

सहाला निघायचं मागणं याच बैठकीत करू नका. अण्णा पैशाऐवजी वेळ देऊन मोकळे होतील, ते त्यांना सोपं आहे. महिनाभरानं वेगळं बोला, आणि हिशेबानं बोला : रिटर्नच्या तारखांना आणि झिरो पेमेंटच्या महिन्यात मी उशिरापर्यंत थांबेन, बाकीचे दिवस सहाला निघेन.

पीएफ ही मात्र विनंतीची गोष्टच नाही. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असली की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो, आणि पंधरा हजारांच्या आत पगार असलेल्यांना तो लावावाच लागतो. तुमचा पगार पहिल्यापासून त्याच्या आत आहे, उद्या वाढला म्हणून मागचा हक्क बुडत नाही. पंधरा हजारांवर बारा टक्क्यांनी महिना १,८०० रुपये तुमच्या पगारातून जातील, आणि तेवढेच मालकाला घालावे लागतील. म्हणजे हातात येणारी रक्कम कमी होईल, हे आकडा ठरवतानाच लक्षात घ्या. तुमच्या दारात बेदाण्याचे बॉक्स उतरवणाऱ्या हमालांसाठी १९६९ सालापासून माथाडी कायदा आहे, माथाडी मंडळात मजुरीवर लेव्ही (ठरावीक जादा रक्कम) भरली जाते, त्यातून त्यांचा भविष्य निर्वाह निधी होतो. ते सगळे एकत्र उभे राहिले म्हणून ते झालं. तुम्हीही हा विषय एकटीनं काढू नका. पंचवीसपैकी चार-पाच जण मिळून जा. पेढीचे सीए ओळखीचे असतीलच, त्यांच्या कानावर आधी घाला. दंड आणि व्याज किती बसू शकतं हे त्यांच्या तोंडून ऐकलं तर अण्णा लवकर ऐकतील.

राहिला अण्णांचा मुलगा. त्याच्याशी आधी बोलू नका. पगार अण्णा ठरवतात. मुलाकडून गेलेलं मागणं अण्णांच्या कानावर कोणत्या शब्दांत पडेल हे तुमच्या हातात राहत नाही, आणि "ही माझ्याकडं सरळ का आली नाही" हा राग वेगळाच. तुम्हाला ज्या माजाची भीती वाटते, त्याचा संशय अण्णांना अशा आडवाटेनंच येईल. अण्णांशी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी मुलाला स्वतः सांगा, मी असं असं बोललेय. वसुलीची यादी रोज त्याच्याच मोबाइलवर जाते ना? मग तुमचं काम त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नसणार. अण्णांनी घरी विषय काढला तर तो तुमच्या बाजूनं दोन शब्द बोलेल.